चौथा पट्टा

नवा घ्या, नवा घ्या — तुमच्या आधी दोघांनी हेच सांगितलं मला, दादा, आणि मी त्यांनाही हेच सांगितलं की नव्याला ते कार्ड बसत नाही. ते बघा, तुमच्या डाव्या हाताशी, ते लांबडं, ज्याची वायर भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत गेलीय — ते मागाचं कार्ड. इथे नक्षी काढायची आणि तिकडे माग विणणार. माग याच कॉम्प्युटरचं ऐकतो, दुसऱ्या कुणाचं नाही. आणि नक्षीचा प्रोग्रॅमसुद्धा असा हट्टी, की ते कार्ड आत दिसलं नाही तर उघडतच नाही. म्हणजे फाइल काढून दुसरीकडे न्या म्हणाल, तर तेही नाही. बघितलंय करून. आमच्या जावयांनी केलं. चौकोन चौकोन आले नुसते. — बसा ना, उभ्याने का करताय? ते स्टूल घ्या. फक्त मागे टेकू नका, त्या फळीवर कांड्या आहेत, एक पडली की सगळ्या गडगडतात, आणि मग धागा कुठल्या कुठे जातो.

हां, तर सोमवारी हे सगळं जाणार. माग विकला मी. माग, कार्ड, कॉम्प्युटर, सगळं एकत्रच, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. घेणारा भला माणूस आहे, गाडी घेऊन येणार आहे. तोवर मला एकच काम करून हवंय. एक फाइल आहे, ती उघडत नाही. उघडायला गेलं की म्हणतो, जागा अपुरी. ती तेवढी एकदा उघडून द्या. बघायचीय फक्त. बघितली की झालं. विणायची वगैरे काही नाही, विणणारं कोण राहिलंय आता.

किती? चौसष्ट एमबी? म्हणजे चौसष्टच्या पुढे घेतच नाही? पण तुम्ही तर त्याच्या दुपटीची आणलीत रॅम — हो हो, बघितलं मी, काळ्या पडद्यावर आकडे चढत चढत गेले आणि मध्येच थांबले. मला वाटलं दम खातोय. म्हणजे निम्मीच मोजली त्याने? आणि उरलेली निम्मी आत असून नसल्यासारखी! वा रे वा. खाचा चार दिल्यात, चारही भरल्या, तरी म्हणे माझं पोट एवढंच. — नाही, मदरबोर्डच तसा आहे, कळलं मला, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. यांनाही चौकातल्या दुकानदाराने हेच सांगितलं होतं. हे म्हणजे आमचे हे. गेले ते. गेल्या वर्षी, थंडीत. — नाही, असू द्या, तुम्हाला कसं माहीत असणार. आमच्या लेकीने नुसतं ‘कॉम्प्युटर बघायचाय’ एवढंच सांगितलं असेल फोनवर.

चहा टाकते थोड्या वेळाने. तुमचं चालू द्या, मी आपली बोलत बसते, मला या खोलीत गप्प बसायची सवय नाही. खरं म्हणजे उलटं होतं — या खोलीत हे गप्प आणि मी बोलायची. यांचं बोलणं म्हणजे कंजूष माणसाने खर्च करावा तसं. एकेक शब्द काढून देणार. पण नक्षी काढायला बसले की बघत राहावं. हॉटेलांच्या, ऑफिसांच्या भिंतीवर लावायचे गालिचे करायचो आम्ही. त्यातली मेख सांगू? सगळा गालिचा काढायचाच नाही. एक कोपरा काढायचा, पाव भाग, आणि तोच उलटापालटा करून चारी बाजूंना बसवायचा. वेलबुट्टी अशीच करतात सगळे. गिऱ्हाइकाला वाटतं केवढं काम, आणि इकडे काम पाव. कॉम्प्युटरलाही तेवढंच झेपायचं. तो घेतला तेव्हा तो या गल्लीतला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर होता बरं का! बघायला माणसं यायची.

मग ऑर्डरी कमी झाल्या. हल्ली भिंतीवर गालिचा लावतं कोण? हातात काम नाही तसं यांच्या डोक्यात आलं, की एक गालिचा असा करायचा ज्यात कोपरा उलटवायचा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं वेगळं. आपला हा कारखानाच गालिच्यात काढायचा म्हणाले. म्हटलं, काढा. पण कॉम्प्युटरमध्ये बसेना ना! एवढं मोठं चित्र घेऊन हा बिचारा धापा टाकायला लागला, माऊस इथे हलवावा तर तिकडे बाण पान खाऊन यावा तसा निवांत हलणार. म्हणून मग चार पट्टे करायचे ठरलं. एकेक पट्टा वेगळा काढायचा, वेगळा विणायचा, आणि शेवटी शिवून जोडायचे. तीन झाले. ते बघा, तुमच्या मागे, भिंतीवर. शिवण दिसते का? नाही ना दिसत? ती माझी आहे. पहिल्यात दरवाजा आणि त्याच्यावरचा वेल. दुसऱ्यात रंगाच्या टाक्या, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लडी. तिसऱ्यात माग. मागाची मागची बाजू, खरं तर — पुढून सगळेच काढतात म्हणाले. आणि चौथ्यात ही खोली यायची होती, जिथे तुम्ही बसलाय.

मी विचारलं होतं हो, एवढा कारखाना काढलात आणि त्यात माणूस एकही नाही? तर म्हणाले, माणसं जड जातात. मला वाटलं काढायला जड. ते म्हणत होते फाइल जड होते. रंग वाढले की फाइल जड होते, प्रत्येक रंगाला हा वेगळी जागा देतो म्हणे, आणि माणसाच्या तोंडाला रंग लागतात फार. पान कसं, दोन हिरव्यांत होऊन जातं. आम्ही उभ्या जन्मात माणसाचं तोंड विणलं नाही कधी.

मी? मी शेजारी बसायची. इथेच, या खुर्चीवर. रोज. — काही नाही, अशीच, सोबत म्हणून. काम करताना कुणी शेजारी असलं की बरं वाटायचं त्यांना.

खोडरबर? आहे की. हा घ्या. — रॅमच्या त्या सोनेरी दातांना असं घासतात होय? पितळेच्या भांड्यासारखं! बरं, घासा.

तर तिसरा पट्टा मागावरून उतरला आणि लेकीचे दिवस भरत आले. ती दूर असते, नवऱ्याची नोकरी तिकडे, घरात दुसरं मोठं माणूस नाही. मला जायलाच हवं होतं. पण मी आज जाते, उद्या जाते करत होते, कारण चौथा पट्टा लागायचा होता ना हातात. म्हटलं, बाळंतपण झालं की येते, मग बसू दोघं. तर हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ‘तू जा गं. इथे तुझ्यावाचून काय अडलंय?’

आता हे वाक्य तसं काही वाईट नाही. नवरे म्हणतातच. एखादीला बरं वाटेल, की बाई, निर्धास्त जा म्हणतोय. पण मला नाही वाटलं बरं. मी बॅग भरता भरता दोनदा उभी राहिले. ज्या माणसाचं इतकी वर्षं माझ्यावाचून— जाऊ दे. गेले मी. नात झाली, छान झाली, आंघोळी, मालिश, रात्रीची जागरणं, त्यात दिवस जात होते. पण फोन केला की तेच. काय चाललंय? चाललंय. जेवलात? जेवलो. पट्टा? बघू. एवढंच. मग एक दिवस वन्संचा फोन. वन्सं म्हणजे यांच्या धाकट्या बहीण, त्या वरच्या मजल्यावर राहतात. म्हणाल्या, वहिनी, माग बंद आहे गं, आठवडा झाला आवाज नाही, दादा दार लावून आत बसतो, जेवणाचं ताट दारात ठेवून जा म्हणतो. मी लगेच फोन लावला. म्हटलं, माग का बंद? म्हणाले, डोकं दुखतं आवाजाने. — डोकं दुखतं! मागाच्या आवाजाने! अहो, या माणसाला मागाचा आवाज बंद झाला तर झोपेतून जाग यायची. मला कळलं, काहीतरी लपवताहेत. पण काय ते विचारलं नाही. रागच आला होता मला. म्हटलं, अडलं नाही ना माझ्यावाचून, मग बसा.

आणि मग एका सकाळी वन्सं चहा घेऊन आल्या, तर हे खुर्चीत, मान पुढे. छाती आधीच कमजोर होती, धाग्यांचं तूस जातं ना आत, या धंद्यात ते असतंच. मी पोचले तेव्हा सगळं— बरीच माणसं जमली होती. कॉम्प्युटर बंद होता. कुणी केला बंद, विचारलं, तर कुणालाच आठवेना.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी लावून बघितला, तर आत तीन पट्टे आणि हा चौथा. म्हणजे काढला होता! माझ्यावाचून! तोच उघडत नव्हता. आता तुम्हाला सांगू का, बायकांच्या मनात काय काय येतं. मला वाटलं, हेच दाखवायचं होतं यांना. की बघ, तुझी गरज नाही. मला घालवून दिलं, दार लावून घेतलं आणि एकट्याने करून दाखवलं. इतक्या वर्षांनी स्वतःला सिद्ध करायचं होतं. तसं असेल तर तसं, पण मला एकदा बघायचंय, कसं जमलं ते. सोमवारनंतर ते कुणालाच दिसणार नाही. म्हणून तुमच्या मागे लागले.

काय म्हणालात? — म्हणजे रॅम तेवढीच राहणार, पण कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आत येऊन बसतं ते बाहेर काढायचं? घड्याळ, प्रिंटर... काढा, सगळं काढा, प्रिंटर कधीचा मेलाय. आणि मागाचा भाग? कार्ड राहू द्यायचं, पण माग चालवणारा भाग सुरूच करायचा नाही. म्हणजे तेवढी जागा मोकळी होईल. — पण मग माग? — म्हणजे फाइल दिसेल, पण विणता येणार नाही. दोन्ही एका वेळी नाही मावणार. आणि हे आजच्यापुरतंच, बंद करून पुन्हा लावला की सगळं आपोआप परत आत येऊन बसणार. बरं. मला बघायचंच आहे.

थांबा. थांबा हं, दादा.

म्हणून माग बंद होता. डोकं दुखत नव्हतं. यांनीही हेच केलं असणार, तुम्ही आत्ता करताय तेच. मागाचा भाग काढला आणि त्या जागेत हे काढत बसले. पण मग त्यांना माहीत असणार ना, की हे विणता येणार नाही? दुकानदाराने सांगितलंच होतं, याच्यात आणखी काही बसत नाही म्हणून. मग तरी कशाला? न विणायची नक्षी कशाला काढायची? विणकराने? — करा, करा तुम्ही. करा सुरू.

आली. आली ना? खालून येतेय — हो, हे असंच, मागावर खालून विणत जातो ना, म्हणून चित्रही खालून वर चढतं. सावकाश येऊ दे. फरशी आली. हे टेबलाचे पाय. ही खुर्ची — हीच, मी बसलेय ती. खुर्चीत कुणीतरी आहे. पाय आलेत. चपला. अय्या, चपलेचा तुटलेला पट्टासुद्धा! हा स्वेटर निळा, हा आमच्या धाग्यांतला चौदा नंबर, हे बरोबर आहे, अगदी बरोबर. हातात कांडी आहे. हात...

हात.

नाही, नाही, पडदा बिघडलेला नाही. काहीही बिघडलेलं नाही, दादा, कशाला हात लावू नका. वर येऊ दे. येऊ दे तोंड.

हिरवं आहे. हो, दिसतंय मला, हिरवं आहे. तुम्हाला हसू येतंय, हसा, मलाही येतंय. कच्च्या कैरीसारखी दिसतेय मी. मीच आहे ती. नाक माझंच, आणि हा चष्मा असा घसरलेला. रंग गेलेले नाहीत, दादा, तुम्ही समजता तसं नाही. यांना कळायचंच नाही. लाल आणि हिरवं. जन्मापासून. लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात गेले आणि हिरवेगार टोमॅटो घेऊन आले, वर म्हणतात, चांगले लालबुंद बघून आणलेत. तेव्हा कळलं मला. आणि धंदा कसला, तर गालिच्यांचा! वडिलांचा माग, सोडून जाणार कुठे? कुणाला कळू दिलं नाही आम्ही. मी शेजारी बसायची ती याच्यासाठी. नक्षी यांची, रंग माझे. हे रेघ काढायचे, मी नंबर सांगायची. गिऱ्हाईक बसलेलं असलं की मी कांड्यांचा ट्रे घेऊन यायची, आणि जी कांडी मी पुढे सरकवेन तीच हे उचलायचे, ऐटीत, जशी काही शंभरातून निवडली. गिऱ्हाईक म्हणायचं, काय नजर आहे हो यांची रंगाला! आणि हे मान डोलवायचे. मी आत जाऊन तोंडावर पदर धरून हसायची. — लेकीलाही माहीत नाही हे. वन्संना, सख्ख्या बहिणीला माहीत नाही. आणि मी तुम्हाला सांगून बसले. बोलू नका हं कुठे. धंदा राहिला नाही, पण नाव आहे अजून.

स्वेटर बरोबर आला, कारण चौदा नंबर पाठ होता. वेलीचे नंबर पाठ, टाक्यांचे पाठ. पण माणसाचं तोंड आम्ही कधी केलंच नव्हतं. त्याला नंबर नव्हता. मला विचारल्याशिवाय कळणार नव्हता, आणि मला विचारलं तर मला कळणार होतं काय काढताहेत ते.

ते बाजूला काय आहे, ती पट्टी, रंगांची? खाली घ्या. आणखी खाली. अजून आहेत? — एवढे रंग? एका तोंडाला? हा आणि हा एकच आहे जवळजवळ. हाही. एकाशेजारी एक लावून बघितलेत. लावायचं, बघायचं, पटायचं नाही, दुसरा लावायचा. पहिला काढायचाही नाही, कोण जाणे, तोच बरोबर असला तर! विचारायला कुणी नाही ना शेजारी. म्हणून जड झाली फाइल. म्हणून मावली नाही. अहो, मी बसले असते ना, तर हे सगळं सहा रंगांत भागलं असतं. सहा. माझ्या तोंडात काय एवढं मोठं आहे? सहा रंगांत झालं असतं, यात बसलं असतं, मागावर चढलं असतं, आणि मी लेकीकडे जायच्या आत विणून भिंतीवर लागलं असतं.

मला चित्र नको होतं. कुणी मागितलं होतं चित्र? फोन करून म्हणायचं होतं, ये. एवढाच शब्द खर्च करायचा होता. मी नातीला दुपट्यात गुंडाळून, लेकीलाही घेऊन आले असते. छातीत दुखत असणार, दोन दिवस आधीपासून दुखतं म्हणतात, आणि हा माणूस दार लावून हिरव्यात हिरवा कालवत बसला.

यांच्या डोळ्यांना मात्र हे बरोबर असेल. नाही का? हिरवं-लाल एकच दिसतं, म्हणजे माझ्याकडे बघून जसं दिसायचं तसंच हे दिसत असेल. अगदी तसंच. डोळे राहिलेत बघा. चष्मा काढलाय आणि आत डोळे नाहीत. तिथवर आले होते.

कमी? रंग कमी केले तर? — म्हणजे मी बसून सहावर आणले, तर मागाच्या भागासकट मावेल म्हणता? सोमवारच्या आत विणूनही होईल? होईल की. मला येतं ते. ही छटा गव्हाळ आहे, ही तिच्या सावलीला, कपाळाला ही जरा फिकी... दुपारभराचंही काम नाही. डोळेही भरता येतील. द्या बरं तो माऊस इकडे.

...

नको.

नको, दादा. काही बदलू नका. सेव्ह करू का विचारतोय? नाही म्हणा. मोबाइल ठेवा खाली, फोटो नको. सोमवारी गाडी येईल, न्यायचं ते नेतील, शब्द दिलाय मी, तो काही फिरवणार नाही. पण आज राहू दे हे असंच चालू. तुमची रॅम आत आहे, ती उद्या काढून न्या, चालेल ना? चालवून घ्या. तुमचं सामान उचला. चहा राहिला तुमचा, राहू दे, आज नको. — बघताय काय उभे राहून? जा म्हटलं ना मी. आणि जाताना दार लोटून घ्या.